ब्रेक दाबला की मायनर एका बाजूला ओढते: पुढचे ड्रम कुठून तपासायचे?

आधी लक्षणं बघा. तुमच्या मॉरिस मायनरमध्ये यातलं नेमकं काय होतंय, ते पाना हातात घेण्यापूर्वी ठरवा.

- ब्रेक दाबला की स्टिअरिंग दर वेळी एकाच बाजूला जातं.
- सकाळचे पहिले एक-दोन ब्रेक वेडेवाकडे लागतात, मग गाडी सरळ थांबायला लागते.
- पेडल पहिल्या दाबाला खोल जातं, लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वर आणि कडक लागतं.
- पेडल कितीही वेळा दाबलं तरी स्पंजसारखं लागतं.
- पेडल दाबून धरलं की हळूहळू फळीकडे सरकत जातं.
- गाडी ढकलायला जड वाटते, दहा-पंधरा किलोमीटरनंतर पुढचं एक चाक चटका बसेल इतकं तापतं.
- ब्रेक लावताना पायाखाली धडधड जाणवते.

हे दुखणं मी माझ्या आणि मित्रांच्या गाड्यांत इतक्या वेळा काढलंय, की "अरे, पुन्हा ओढायला लागली" असा फोन आला की मी एवढंच विचारतो, कुठल्या बाजूला? "डावीकडे" म्हटलं की मी सांगतो, उजवं चाक उघड.

यात जादू काही नाही. जे चाक जास्त धरतं त्या बाजूला गाडी वळते, म्हणजे बहुतेक वेळा दोष विरुद्ध बाजूच्या, कमी धरणाऱ्या चाकात असतो. पण माणूस जिकडे ओढते तिकडचंच चाक उघडतो. तिथे सगळं ठीकठाक असतं. मग काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून लायनर (ड्रमवर घासणारा थर) घासतो, ॲडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा स्क्रू) सैल करतो, आणि गाडी सरळ थांबायला लागते. थांबते सरळ, पण उशिरा! एका चाकाचं दुखणं दोघांना वाटून दिलं, बाकी काही नाही. महिन्याभरात गाडी पुन्हा दारात. अपवाद एकच: ब्रेक न लावताही गाडी एका बाजूला जात असेल आणि तेच चाक तापत असेल, तर दोषी तेच चाक.

हे ब्रेक इतके चिडके का

मायनर १९४८ साली आली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. सुरुवातीला चारही ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या वाट्या, ७ इंची होते. १९६२ मध्ये १०९८ सीसी इंजिन आलं तेव्हा पुढचे ड्रम ८ इंची झाले. लायनर किंवा सिलिंडर मागवताना आपल्याकडे कोणते आहेत ते पट्टी लावून मोजा, आरसी बुकातल्या सालावर जाऊ नका. साठ वर्षांत गाडीत कोणी काय बसवलंय ते आरसी बुकात नसतं.

दोन्ही मापांत रचना एकच. पुढच्या प्रत्येक चाकात दोन सिलिंडर, दोन शू (लायनर बसवलेल्या वक्र पट्ट्या), आणि दोन्ही शू 'लीडिंग'. म्हणजे गाडी पुढे जाताना ड्रम ज्या दिशेने फिरतो, त्यामुळे शू आपोआप ड्रमकडे आणखी घट्ट खेचला जातो. दाराखाली सरकवलेली पाचर दार ढकललं की आणखी घट्ट बसते, तसं. म्हणून एवढ्याशा ड्रममध्ये, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नसताना, गाडी थांबते. पण याचीच दुसरी बाजू अशी की लायनरमधला लहानसा फरकही वाढून बाहेर येतो. एका बाजूला थोडं ग्रीस, दुसऱ्या बाजूला एक अडकलेला पिस्टन, की स्टिअरिंगला झटका.

रिव्हर्सला दोन्ही शू उलटे पडतात आणि पुढचे ब्रेक एकदम मवाळ होतात. चढावर गाडी मागे घरंगळताना ब्रेक कमी वाटले तर घाबरू नका, तो दोष नाही. हँडब्रेक खेचा.

हिंदुस्थान मोटर्सची 'बेबी हिंदुस्थान' ही पहिल्या मायनरचीच भारतीय बहीण. ती कोणाकडे असेल तर हे बरंचसं तिलाही लागू पडेल. पद्मिनी किंवा अँबेसिडरवाल्यांनी मात्र निदानाचा क्रम घ्यावा, ॲडजस्टरचं वर्णन घेऊ नये.

फुकटातल्या तपासण्या

टायरची हवा. दोन्ही पुढच्या टायरमध्ये सारखी हवी, टायरही एकाच जातीचे हवेत. एकीकडे रेडियल आणि दुसरीकडे जुना क्रॉसप्लाय अशी जोडी मी पाहिली आहे. त्या गृहस्थांनी दोनदा लायनर बदलले होते.

मग रस्ता. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून मधून उंच आणि कडेला उतरते असतात. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे कुठलीही गाडी थोडी डावीकडे जाणारच. सोसायटीच्या आत किंवा रिकाम्या मैदानात, सपाटीवर, ताशी ३० च्या वेगाने, स्टिअरिंग नुसतं बोटांनी धरून ब्रेक लावा. मग उलट दिशेने येऊन पुन्हा लावा. दोन्ही वेळा गाडी स्वतःच्या त्याच बाजूला गेली, तरच दोष गाडीचा.

आणि पायाखालचं मॅट. हसू नका. मायनरची पेडलं फळीतून वर येतात. जाड गालिचा किंवा रबरी मॅट भोकाजवळ दुमडलं की पेडल पूर्ण मागे येत नाही. पेडल मागे आलं नाही तर मास्टर सिलिंडरमधलं (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइलवर दाब देणारा मुख्य सिलिंडर) परतीचं बारीक छिद्र उघडत नाही. ब्रेक ऑइल तापून फुगतं, त्याला परत जायला वाट नसते आणि ब्रेक स्वतःहून धरू लागतात. जितकं चालवाल तितकं जास्त. पेडल हाताने दाबून पाहा: अगदी सुरुवातीचा थोडा प्रवास रिकामा जायला हवा. तो नसेल तर मॅट काढा, पेडलची स्प्रिंग पाहा, पुशरॉडची (पेडलपासून मास्टर सिलिंडरपर्यंतची दांडी) लांबी कोणी बदलली आहे का ते पाहा. चारही चाकं एकदम धरत असतील तर दोष नव्वद टक्के इथेच. ड्रम उघडून उपयोग नाही.

पावसाळ्यातला पहिला ब्रेक हा वेगळा विषय. रात्रभर दमटात उभी राहिलेली गाडी सकाळी थोडी ओढते, कारण ड्रमला आतून गंजाचा पातळ थर आलेला असतो. दोन-चार हलक्या ब्रेकमध्ये तो जातो. गेला तर विषय संपला, काही उघडू नका.

ब्रेक ऑइल

मायनरचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली शोधू नका. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चासीच्या दांड्यात आहे. गालिचा उचला, फळीतलं झाकण काढा, खाली टोपण दिसेल. उघडण्यापूर्वी आजूबाजूची माती ओल्या फडक्याने पुसा, कारण इथून आत गेलेला वाळूचा कण सगळी रबरं ओरबाडतो.

पातळी कमी असेल तर नुसतं भरून पुढे जाऊ नका. लायनर झिजले की पातळी थोडी उतरते, पण पुन्हा पुन्हा उतरत असेल तर कुठेतरी गळतंय. चारही चाकांच्या आतल्या बाजू टॉर्चने पाहा. टायरच्या आतल्या भिंतीवर ओला काळा ओघळ दिसला की त्या चाकाचा सिलिंडर गेला. या गाडीत ब्रेकची एकच हायड्रॉलिक लाइन आहे. कुठेही एक ठिकाणी फुटलं की चारही चाकांचे ब्रेक जातात, उरतो फक्त हँडब्रेक. म्हणून गळती सापडली की गाडी जिथे आहे तिथेच उभी.

डॉट ३ किंवा डॉट ४ हेच घाला. डॉट ४ नवीन असताना किमान २३० अंशांना उकळतं, हवेतला ओलावा पिऊन जुनं झालं की हीच किमान मर्यादा १५५ वर येते. आपल्याकडचे चार महिने पाऊस आणि मग घाटाचे उतार हे लक्षात घेऊन मी दर दोन वर्षांनी सगळं ऑइल बदलतो. आणि कृपा करून इंजिन ऑइल, स्टिअरिंग ऑइल, रॉकेल यातलं काहीही या टाकीत जाऊ देऊ नका. माझ्या एका मित्राच्या गाडीत वाटेतल्या मेकॅनिकने "ऑइल म्हणजे ऑइल" म्हणून अर्धा कप ओतलं होतं. सगळी रबरं फुगून वॉशरएवढी झाली. मास्टरपासून शेवटच्या होजपर्यंत सगळं बदलावं लागलं. खऱ्या ब्रेक ऑइलचाही एक अवगुण आहे: रंग खातं. सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

जॅकवर घेऊन

मागच्या चाकांना पुढून-मागून विटा किंवा लाकडी पाचरी, हँडब्रेक वर, पुढचं टोक उचला आणि चासीच्या दांड्याखाली घोड्या लावा. गाडीबरोबरचा जॅक चाक बदलण्यापुरता आहे, त्याच्या भरवशावर गाडीजवळ बसायचं नाही.

ब्रेकला हात लावण्याआधी चाक वर-खाली धरून हलवा. खेळ आला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर ट्रनियन किंवा स्विव्हल, म्हणजे पुढचं चाक ज्यांवर वळतं ते सांधे. मायनरचे ट्रनियन आटे असलेले असतात आणि ग्रीसवर जगतात. ते झिजून सुटले तर चाक गाडीखाली आडवं पडतं. हा खेळ जाणवला तर हा लेख इथेच बंद करा आणि सस्पेन्शनचं काम जाणणाऱ्याला बोलवा.

खालच्या आर्मपासून पुढे चासीला गेलेला टाय बारही पाहा. त्याची रबरी बुशं मेली असतील तर ब्रेक लागताक्षणी ते चाक मागे सरकतं आणि गाडी वळते, ब्रेक कितीही छान असले तरी. बुशं स्वस्त आहेत आणि त्यांच्यावर संशय कोणी घेत नाही.

ॲडजस्टमेंट: दोन आहेत, एक नव्हे

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या गाड्या इथेच बऱ्या होतात. पुढच्या प्रत्येक चाकात दोन ॲडजस्टर असतात, प्रत्येक शूला एक. मागे एकेकच असतो. मागची चाकं करून पुढे आलेला माणूस सवयीने एकच फिरवतो आणि चाक बंद करतो. मग त्या चाकात एक शू काम करतो, दुसरा ड्रमपर्यंत पोचतच नाही. गाडी विरुद्ध बाजूला ओढणार नाही तर काय करेल?

चाक काढायची गरज नाही. हबकॅप काढा. चाकात आणि ड्रममध्ये एक भोक आहे. चाक हळूहळू फिरवत टॉर्च मारा, ॲडजस्टरची खाच दिसेल. अरुंद, लांब पात्याचा स्क्रू ड्रायव्हर घाला आणि घड्याळाच्या दिशेने फिरवा. टक-टक असे टप्पे हाताला लागतात. चाक जाम होईपर्यंत फिरवा, मग एक टप्पा मागे. चाक मोकळं फिरलं पाहिजे. अगदी हलकी 'सर्र' चालेल, अडकणं चालणार नाही. आता चाक अर्धा फेरा फिरवा, दुसरा ॲडजस्टर भोकात येईल. तोही तसाच.

मग पेडल दोन-तीनदा जोरात दाबा. शू आपल्या जागी बसतात आणि बरेचदा पुन्हा एखादा टप्पा निघतो. पुन्हा दोन्ही तपासा. ही पायरी गाळली की "कालच केलं होतं, आज पुन्हा पेडल खोल" अशी तक्रार येते. नंतर दुसरं चाक, मग मागची दोन. लक्षणांत 'दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं' असेल तर ते इथेच बरं व्हायला हवं. स्पंजसारखं असेल तर होणार नाही, ती ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये शिरलेली हवा आहे.

ॲडजस्टर फिरतच नसेल तर स्क्रू ड्रायव्हरवर पाना लावून जोर करू नका. खाच तुटते. ड्रम काढून साफ करावा लागेल.

चाक धरून राहतंय? निपल उघडून पाहा

मला सगळ्यांत आवडणारी ही तपासणी, कारण एका पान्यात उत्तर मिळतं. धरलेलं चाक उचला, हाताने फिरवून पाहा. त्या चाकाच्या ब्लीड निपलला (ब्रेक लाइनमधली हवा काढायचा छोटा स्क्रू) पारदर्शक नळी लावा, तिचं टोक बाटलीत, आणि निपल पाव फेरा सैल करा.

ऑइलची बारीक चिळकांडी उडून चाक मोकळं झालं, म्हणजे दाब आत अडकला होता. एकच चाक धरत असेल तर संशय रबरी होजवर. जुनी होज बाहेरून चकाचक असते आणि आतून सुजलेली. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, शूच्या स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही. खात्रीसाठी, पुढच्या वेळी चाक धरलं की होज जिथे लोखंडी पाइपला जोडली आहे तो सांधा सैल करा. तिथे उघडूनही चाक सुटलं नाही आणि निपलवर सुटलं, की होज बाद. बदलताना दोन्ही पुढच्या एकदम बदला.

निपल उघडूनही चाक सुटलं नाही तर दोष यांत्रिक: अडकलेला पिस्टन, तुटलेली स्प्रिंग किंवा चुकीचा ॲडजस्टर. आता ड्रम काढावाच लागेल. सांधा किंवा निपल उघडला असेल, तर शेवटी हवा काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

ड्रम उघडल्यावर

ॲडजस्टर पूर्ण सैल करा, चाक काढा, ड्रमचे दोन स्क्रू काढा. हे स्क्रू हट्टी असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल आणि इम्पॅक्ट स्क्रू ड्रायव्हर, एवढ्यात निघतात. ड्रम लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोका.

आतली धूळ हवा मारून उडवू नका, फुंकरही नको. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं पिशवीत बांधून टाका. कंप्रेसरवाला पोऱ्या आपणहून नळी घेऊन येतो, त्याला आधीच थांबवा.

काहीही सुटं करण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठल्या बाजूने, हे संध्याकाळी आठवत नाही. आणि एका वेळी एकच बाजू उघडा, दुसरी नमुना म्हणून राहू दे.

लायनर ओले आहेत का? ऑइलचा वास ब्रेक ऑइलचा असेल तर सिलिंडर, घट्ट काळं ग्रीस असेल तर हबचं ऑइल सील किंवा कोणीतरी ठासून भरलेलं ग्रीस. भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन, तव्यावर भाजून परत बसवणारे आहेत. दोन दिवस बरा वाटतो, तापला की आतलं तेल वर येतं. बदला. आणि दोन्ही चाकांचे बदला, एका चाकाचे कधीच नाही.

आता पिस्टन. मदतनिसाला पेडल अगदी हलकं, इंचभर दाबायला सांगा. दोन्ही शू हलले पाहिजेत. एकच हलत असेल तर दुसरा पिस्टन गंजून बसलाय, आणि उभ्या राहणाऱ्या गाड्यांत याच्याइतकं नेहमीचं कारण दुसरं नाही. हलणारा शू हाताने नव्हे, लाकडाच्या दांड्याने दाबून धरा, नाहीतर पिस्टन उडून बाहेर येतो आणि ऑइल तुमच्या अंगावर. सिलिंडरच्या आतल्या भिंतीला नखाला लागतील असे खड्डे असतील तर रबर किट घालण्यात अर्थ नाही. एमरी पेपरने गुळगुळीत करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि नवा सिलिंडर घ्या.

रिस्टोअर करून आलेली गाडी असेल तर आणखी एक गोष्ट. गाडी पुढे जाताना ड्रम शूच्या पिस्टनकडच्या टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरला पाहिजे. भाग उलटे बसले असतील तर ते चाक पुढे जाताना मवाळ आणि रिव्हर्सला कडक. अशी एक गाडी मी तीन रविवार उघडत-लावत बसलो होतो. शेवटी रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावर डोक्यात प्रकाश पडला.

खडू आणि लेथ

नवे लायनर बसवूनही ओढतं, किंवा पेडल कडक असून ब्रेक लागत नाही? ड्रमला आतून शाळेचा खडू फासा, ड्रम चढवा, हलका ब्रेक धरून फिरवा, उतरवा. लायनरवर खडू कुठे लागलाय ते पाहा. फक्त टोकाला लागला असेल तर शूची गोलाई ड्रमशी जुळत नाही. लायनर बसवणारा जुना कारागीर ती जुळवून देतो, आणि लायनरच्या पुढच्या टोकाला थोडी तिरपी धारही मारून देतो, म्हणजे ब्रेक एकदम चावत नाही, किंचाळतही नाही.

पायाखाली धडधड असेल तर ड्रम लंबगोल झालाय. लेथवर मारून मिळतो, पण दोन्ही ड्रम एकाच मापाला. ड्रमला बारीकशी जरी भेग दिसली तरी लेथ नाही, भंगार.

इथे थांबा

पेडल दाबून धरल्यावर खाली सरकत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल तर मास्टर सिलिंडरची आतली रबरं गेली. काम तत्त्वतः सोपं आहे, पण त्याच्या बोल्टच्या वाटेत सस्पेन्शनचा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आडवा येतो, आणि त्या बारात भरलेला ताण हात मोडू शकतो. हे मीही दुसऱ्याकडून करून घेतो. लोखंडी पाइप गंजून खवले पडत असतील, नवे पाइप वळवून टोकं फुलवायची असतील, ट्रनियनमध्ये खेळ असेल, किंवा दोनदा हवा काढूनही पेडल स्पंजसारखं राहत असेल, तर जुन्या गाड्यांचा मेकॅनिक गाठा. गाडी चालवत न्यायची नाही. टो करून न्या.

हवा काढताना आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मधे टाकी रिकामी होऊ दिली की पहिल्यापासून.

पहिली चाचणी अंगणातच, चालण्याच्या वेगाने. मग रिकामा रस्ता. घाट पहिल्या दिवशी नको. नवे लायनर बसायला वेळ लागतो, त्यामुळे तीनशे-चारशे किलोमीटरनंतर पेडल पुन्हा थोडं खोल जाईल. तेव्हा हबकॅप काढा आणि पुढचे ॲडजस्टर परत एकदा फिरवा. दोन्ही चाकांचे मिळून चार.